वाचणाऱ्याला शेवटपर्यंत धरून ठेवणारी कथा कशी लिहायची: एकच कथा हातात घेऊन, पहिल्या कल्पनेपासून पाठवण्यापर्यंत

कथा लिहिणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, विषय चांगला आहे, भाषाही बरी आहे, पण वाचणारा दुसऱ्या पानावर सोडून देतो. मग ते भाषेवर अजून मेहनत घेतात, उपमा वाढवतात, वर्णनं सजवतात आणि वाचणारा आता पहिल्याच पानावर सोडतो. माझं ठाम मत आहे की वाचक भाषेसाठी थांबत नाही. एका माणसाला काहीतरी हवंय, ते सरळ मिळत नाहीये आणि ते मिळवायला त्याला काय मोजावं लागणार हे अजून कळलेलं नाही, यासाठी तो थांबतो. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. नुसते नियम सांगून काही हाताला लागत नाही म्हणून एक कथा आपण इथेच उभी करू.

विषय म्हणजे कथा नाही

"शेतकऱ्यांच्या अडचणी", "एकटं पडलेलं म्हातारपण", "शहरातली धावपळ" हे विषय झाले, यावर लेख होतो, भाषण होतं. कथेला एक माणूस लागतो, नावानिशी, आणि त्याला आज, या आठवड्यात काहीतरी हवं असायला लागतं.

आपला माणूस घेऊ या. मारुती, कोल्हापूरकडच्या एका गावातल्या दूध संस्थेत फॅट काढतो, म्हणजे दुधातला स्निग्धांश मोजतो. सकाळ संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत येतात, हा दूध मोजतो, नमुना घेतो, डिग्री (दूध किती दाट आहे तो आकडा, पाणी घातलं की घसरतो) आणि फॅट बघतो, रजिस्टरला आकडा लिहितो. त्या आकड्यावर दहा दिवसांचं बिल निघतं. त्याच रांगेत शालन येते, त्याच्या वारलेल्या मित्राची बायको, घरी एकच म्हैस. मारुतीला हवंय काय, तर शालनचं दूध बंद होऊ नये. एवढंच. हे जगाच्या दृष्टीनं छोटं आहे पण त्याच्यासाठी मोठं आहे आणि कथेला असंच लागतं.

आता यात अडचण घाला. म्हैस गाभण आहे, आटत आलीय, दूध कमी व्हायला लागलंय, पण कर्जाचा हप्ता दुधाच्या बिलातून कापला जातो त्यामुळे शालनला लिटर कमी करून चालत नाही. ती पाणी घालते. मारुतीला लॅक्टोमीटर, म्हणजे डिग्री दाखवणारी काचेची नळी, बुडवल्या बुडवल्या कळतं.

लिहायला सुरुवात करायच्या आधी कागदावर तीन ओळी लिहा: कोणाला, काय हवंय, आणि ते मिळालं तर त्याचं काय जाईल. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर कथा अजून तयार नाही, थांबा. मारुतीच्या बाबतीत तिसरी ओळ अशी, की शालनला वाचवायचं तर रजिस्टरला खोटा आकडा लिहावा लागेल, आणि गावात त्याच्याकडं जमीन नाही, पैसा नाही, फक्त "मारुतीचा आकडा खरा" हे नाव आहे. बघा, आता त्याचं काय जाणार हे ठरलं.

घटना एकमेकींना ढकलतात का ते तपासा

इ. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत एक साधं उदाहरण दिलं होतं. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे झालं कथानक. फरक फक्त कारणाचा. मी हे रोजच्या वापरासाठी असं करून घेतलंय, की कथेतल्या घटना एकाखाली एक लिहायच्या आणि मध्ये कुठला शब्द बसतो ते बघायचं. "आणि मग" बसत असेल तर तिथे कथा सैल आहे. "म्हणून" किंवा "पण" बसत असेल तर चाललंय ते ठीक आहे.

शालन पाणी घालते, म्हणून डिग्री घसरते, पण मारुती आकडा वाढवून लिहितो, म्हणून तिचं दूध चालू राहतं, पण रांगेतला एक शेजारी हे ओळखतो. तो ओरडत नाही, तक्रार करत नाही, तो फक्त दुसऱ्या दिवशी हळूच म्हणतो की माझंबी जरा बघ की. इथे कथा खरी चालू झाली. कारण आता मारुतीनं नाही म्हटलं तर शालन उघडी पडते आणि हो म्हटलं तर तो एका धडधाकट माणसाच्या चोरीत सामील होतो. मग शेजाऱ्याचे दोन, दोनाचे चार, आणि शीतकेंद्रावर, म्हणजे संस्थेचं दूध पुढं जिथं जातं तिथं, सगळ्या गावाच्या दुधाचं जे फॅट लागतं ते आणि रजिस्टरची बेरीज यात फरक दिसायला लागतो. चेअरमनचा पोरगा रजिस्टर मागतो.

अडचण वाढवायची म्हणजे अपघात घालायचा नाही. नवीन लिहिणारे इथे हमखास कोणाला तरी ट्रकखाली घालतात किंवा कॅन्सर करतात. बाहेरून पडलेलं संकट वाचकाला हलवतं पण गुंतवत नाही, कारण त्यात पात्राचा हात नसतो. मारुतीची प्रत्येक पुढची अडचण त्याच्याच आधीच्या निर्णयातून आली पाहिजे.

माहिती काढणं, आणि ते कुठं थांबवायचं

या कथेत एक भोक आहे. आता बऱ्याच संस्थांत फॅटच्या मशीनला कॉम्प्युटर जोडलेला असतो, आकडा थेट पावतीवर छापून येतो, माणसाच्या हातात काही राहत नाही. म्हणजे आजच्या काळात ही कथा घडवली तर दूध संस्थेत काम केलेला वाचक तिसऱ्या परिच्छेदात हसून बाजूला ठेवेल. म्हणून ही कथा नव्वदच्या दशकात न्यायची, हातानं लिहायचं रजिस्टर, मिल्कोटेस्टर हे फॅट मोजायचं जुनं मशीन, नंबर टाकलेल्या नमुन्याच्या बाटल्या. हे असलं भोक लिहायच्या आधी सापडलं तर काळ बदलून सुटतं, नंतर सापडलं तर अख्खी कथा जाते.

त्या कामातल्या माणसाशी तासभर बोला. प्रश्न असे विचारा की उत्तरात बारकावे येतील: कशाचा वास येतो, भांडणं कशावरून होतात, कोण कोणाला फसवतं आणि ते कसं पकडलं जातं. म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅट आणि ९ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून सांगतात हे मला माहीत असणं गरजेचं आहे, पण कथेत ते सांगायची गरज नाही. कथेत येणार काय, तर मारुतीनं ५.४ च्या जागी ६.१ लिहिताना पेन किती वेळ हवेत धरला. माहितीतला बहुतेक भाग वहीतच राहतो आणि राहू द्यावा, वाचकाला तो न दिसता जाणवतो.

सुरुवात उशिरा करा

पहाट झाली होती, पक्ष्यांचा किलबिलाट सुरू होता, चुलीतून धूर निघत होता. हे पान काढून टाका. पहिल्या ड्राफ्टमधले पहिले दोन परिच्छेद बहुतेक वेळा लेखकानं स्वतःला तापवून घेण्यासाठी लिहिलेले असतात, ते लिहावेत पण ठेवू नयेत. शालनचं लग्न, मित्राचा आजार, म्हैस कशी घेतली, हे सगळं मागचं आहे. कथा तिथून चालू करा जिथे परत फिरता येत नाही:

"चौदा नंबरच्या बाटलीत डिग्री बावीसवर येऊन थांबली आणि मारुतीनं वर न बघताच ओळखलं की पुढं कोण उभं आहे."

या ओळीत काय काय आलं बघा, जागा आली, काम आलं, काहीतरी चुकलंय हे आलं आणि त्याचं त्या माणसाशी नातं आहे हेही आलं. डिग्री म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला पण एवढं कळतं की आकडा असायला हवा तसा नाही. मित्राचं मरण नंतर एका वाक्यात येईल, किटलीवर त्याचं नाव कोरलेलं अजून तसंच आहे, तेवढ्यावर. वाचकाला थोडं अंधारात ठेवायला घाबरू नका, पण कोण, कुठं, काय चाललंय एवढं पहिल्या परिच्छेदात कळलंच पाहिजे. गूढपणा आणि गोंधळ यात फरक आहे आणि हा फरक न कळल्यामुळे खूप चांगल्या कथा वाया जातात.

कोणाच्या डोळ्यांतून

एकाच्या. छोट्या कथेत तरी एकाच्याच. मारुतीच्या मनात काय चाललंय ते सांगितलं, की शालनच्या मनात काय आहे ते मारुतीला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसायचं, तिची नजर, तिचे हात, ती काय बोलली नाही ते. एका परिच्छेदात त्याच्या डोक्यात आणि पुढच्यात तिच्या डोक्यात गेलात तर सगळं उघड होतं आणि ताण निघून जातो, कारण ताण कशात आहे, तर तिला हे माहीत आहे का की त्याला माहीत आहे.

"मी" वापरून लिहायचं असेल तर मराठीत क्रियापदावरून निवेदक बाई की पुरुष हे पहिल्याच "मी गेलो", "मी गेले" ला कळतं, त्यामुळे ते लपवायचा विचार असेल तर तो सोडा. आणि "मी" म्हणणारा माणूस जसा बोलतो तशीच सगळी कथा लिहावी लागते, वर्णनासकट. मारुती सातवी शिकलेला असेल तर "मावळतीच्या रक्तिम छटा" त्याच्या तोंडात बसत नाहीत.

संवाद, इथे जास्त वेळ द्या

मराठी कथेत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की पात्रं एकमेकांना निवेदन देतात. उदाहरणार्थ:

"वहिनी, तुमच्या दुधात पाणी आहे हे मला समजले आहे. माझ्या मित्राच्या निधनानंतर तुमची परिस्थिती बिकट झाली आहे याची मला जाणीव आहे, परंतु मी संस्थेशी प्रामाणिक आहे."

असं कोणी बोलत नाही आणि समजा बोललं तर कथा तिथेच संपते, कारण सगळं बोलून झालं. माणसं महत्त्वाच्या गोष्टीच्या आजूबाजूनं बोलतात. तोच प्रसंग परत लिहू:

"म्हस कवा व्याची हाय, वैनी?"
"पुनवंच्या आसपास."
"मग आत्तापातुर आटाय पायजे हुती."
शालननं किटलीचं झाकण दाबून बसवलं. "आमची उशिरानं आटती, भावजी."
मारुतीनं बाटलीवरचा नंबर खोडला आणि परत तोच लिहिला. "उद्या जरा कमी आणा. कमी आणलं तरी चालतंय."

पाणी हा शब्द कुठेच नाही. पण त्याला कळलंय, त्याला कळलंय हे तिला कळलंय, आणि "कमी आणा" मध्ये त्यानं तिला वाटही दाखवली. ती उद्या कमी आणणार का, हा प्रश्न वाचकाला पान उलटायला लावतो.

बोलीचं काय करायचं हा प्रश्न सगळे विचारतात. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, ही वाट सोपी आहे आणि चालते. बोली सगळी जशीच्या तशी उतरवायचा हट्ट करू नका, त्या भागाचे मोजके ठसे पकडा, "हाय", "पायजे", "आत्तापातुर", आणि एकदा पकडले की कथाभर तेच ठेवा, एका ठिकाणी "हाय" आणि पुढच्या पानावर "आहे" असं झालं की वाचकाचा विश्वास जातो. आणि जी बोली तुमच्या कानात नाही ती लिहू नका. कोल्हापूरची, वऱ्हाडची आणि मालवणची माणसं एकाच "खेडवळ" भाषेत बोलायला लागली की त्या भागातला वाचक तुम्हाला सोडून जातो.

मग संबोधनं. मराठीत नात्याची सगळी उंची खोली तू, तुम्ही, काका, भावजी, वैनी यात असते आणि हे हत्यार फुकट मिळालेलं असून लोक वापरत नाहीत. चेअरमनचा पोरगा लहानपणापासून "मारुतीकाका, तुम्ही" म्हणणारा. रजिस्टर मागायला येतो तेव्हा तो म्हणतो, "मारुती, जरा दाखव ते." काका गेलं, तुम्ही गेलं. त्याला संशय आलाय, त्यानं ठरवलंय, हे सांगायला दुसरं वाक्य लागत नाही. तुमच्या कथेत कोण कोणाला काय म्हणतं याची यादी करा आणि कुठल्या क्षणी ते बदलतं ते ठरवून ठेवा.

"म्हणाला", "म्हणाली" पुरेसं आहे. उद्गारला, वदला, पुटपुटला, गरजला यांनी वाक्याकडून लक्ष निघून क्रियापदाकडे जातं. आणि दोघंच बोलत असतील तर दर ओळीला तेही नको.

कुठे थांबायचं, कुठे पळायचं

सगळं सारख्या वेगानं सांगितलं की वाचकाला महत्त्वाचं काय ते कळत नाही. ज्या क्षणी पात्र निर्णय घेतं तो क्षण पूर्ण सीन करून दाखवा, संवाद, हालचाल, वेळ. बाकीचं एका ओळीत संपवा. "पुढचे आठ दिवस शालन कमी दूध घेऊन आली नाही." झालं, आठ दिवस गेले. पण शेजारी जेव्हा "माझंबी बघ की" म्हणतो तो अर्धा मिनिट एक पान घेऊ दे.

वस्तू कामाला लावा. रशियन लेखक चेकॉव्हनं १८८९ साली एका पत्रात लिहिलं होतं की उडणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. आपल्या कथेत मित्राचं नाव कोरलेली किटली आहे. ती सुरुवातीला दिसली, मध्ये एकदा शेजाऱ्याच्या नजरेला पडली, आणि शेवटाकडे शालन दुसरीच किटली घेऊन आली तर वाचक दचकेल, ती मोडीत घातली का? हप्त्यासाठी? हे एका वस्तूनं होतं, रडारडीनं होत नाही.

आणि भावना लिहायच्या नाहीत का, तर लिहायच्या, पण नाव घेऊन नाही. "मारुतीला खूप अपराधी वाटलं" हे वाक्य खोडून त्याजागी असं लिहा की घरी आल्यावर त्यानं चहात दूध घालू दिलं नाही.

होता होता होता

मराठी गद्याचा हा खास त्रास. "तो आला होता, खुर्चीवर बसला होता, बाहेर पाऊस पडत होता, ती गप्प होती." चार वाक्यांत चार शेपट्या एकसारख्या, कान बधिर होतो. साध्या भूतकाळात आणा: तो आला, बसला. "होता" फक्त खरंच आधी घडून गेलेल्यासाठी ठेवा. मधेच वर्तमानात जाता येतं, "मारुती बाटली उचलतो, बघतो, खाली ठेवतो", मराठी कानाला हे नैसर्गिक वाटतं पण गेलात तर पूर्ण प्रसंगभर तिथेच राहा. काही वाक्यं क्रियापदाशिवाय सोडा. क्रियापद दरवेळी शेवटीच आलं पाहिजे असंही नाही, बोलताना आपण कुठे तसं बोलतो.

शेवट

तीन वाईट शेवट लगेच सुचतात आणि म्हणूनच ते वाईट आहेत. शालन रडत कबूल करते आणि मारुती तिला माफ करतो. म्हैस मरते. किंवा शेवटच्या ओळीत कळतं की मारुतीचंच शालनवर प्रेम होतं. पहिल्यात किंमत कोणीच मोजत नाही, दुसऱ्यात निर्णय नियतीनं घेतला, तिसरा धक्का आहे आणि धक्का दुसऱ्यांदा वाचताना उरत नाही.

आपण ती तिसरी ओळ आठवू, त्याचं काय जाईल. मारुतीच्या घरीपण एक म्हैस आहे, त्याचं दूधही याच संस्थेत जातं. चेअरमनचा पोरगा येऊन गेल्यावर दुसऱ्या सकाळी तो शेजाऱ्याचा खरा आकडा मोठ्यानं वाचून लिहितो. शालनचा वाढवून लिहितो, नेहमीसारखाच. आणि मग बेरीज जुळावी म्हणून स्वतःच्या घरच्या दुधापुढे खरा ६.८ सोडून ५.९ लिहितो आणि पुढच्याला हाक मारतो. कथा इथे थांबते. दहा दिवसांनी बिल हातात पडल्यावर त्याची बायको काय विचारणार, शेजारी गप्प बसणार का, हे उघडं आहे. निर्णय मात्र पूर्ण झालाय. मला शेवट असा आवडतो, परिणाम उघडे राहिले तरी चालतात, निर्णय अर्धवट राहिलेला चालत नाही.

त्यानंतर एकही वाक्य लिहू नका. "त्या दिवशी मारुतीला खरी माणुसकी कळली" हे वाक्य लिहायचा मोह प्रत्येकाला होतो.

परत लिहिणं

पहिला ड्राफ्ट सलग लिहा, मागे वळून दुरुस्त करू नका, मग काही दिवस बंद करून ठेवा. परत उघडाल तेव्हा आधी मोठ्यानं वाचा, लाज वाटत असेल तर मोबाईललाच वाचायला लावा, मराठी आवाज आता बऱ्याच फोनमध्ये असतो. जिथे जीभ अडते किंवा ऐकताना लक्ष दुसरीकडे जातं तिथे खूण करा. मग "अचानक", "एकदम", "जणू", "खरं तर", "नकळत" हे शब्द शोधून एकेक उडवून बघा, बहुतेक ठिकाणी काही बिघडत नाही. त्यानंतर प्रत्येक सीन काढून बघा, काढल्यावर पुढचं समजत असेल तर तो सीन नको होता, कितीही सुंदर लिहिलेला असला तरी.

दुसऱ्याला वाचायला द्या पण "कशी वाटली" विचारू नका, सगळे छान म्हणतात. विचारा: कुठे कंटाळा आला? कुठे परत मागे जाऊन वाचावं लागलं? पुढे काय होईल असं वाटलं होतं? या तीन उत्तरांत सगळं येतं. १९८२ साली बंद झालेल्या 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथेवर पुन्हा काम करायला लावायचे, अशी मेहनत घेणारा संपादक आज क्वचित मिळतो, म्हणून असे दोन तीन वाचक आपले आपणच कमवावे लागतात आणि त्यांच्याही कथा तितक्याच मनापासून वाचाव्या लागतात.

पाठवताना

१९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा सगळ्यात मोठा बाजार दिवाळीच आहे. दिवाळी ऑक्टोबर नोव्हेंबरात असली तरी अंकांची कामं पावसाळ्याच्या सुरुवातीलाच चालू होतात, त्यामुळे गणपतीत कथा पाठवली तर बहुतेक ठिकाणी उशीर झालेला असतो. ज्या अंकाला पाठवताय त्याचे मागचे अंक वाचा, त्यांची शब्दमर्यादा पाळा, युनिकोडमध्ये टाईप करा, फोटो काढून पाठवू नका. फाईलला "कथा फायनल नवीन" असं नाव न देता कथेचं आणि तुमचं नाव द्या, फोन नंबर फाईलच्या आतही लिहा, कारण ईमेल आणि फाईल वेगळ्या होतात. अप्रकाशित कथा मागितली असेल तर ती फेसबुकवर टाकलेली चालत नाही असं बरेच संपादक धरतात, म्हणून पाठवायच्या आधी कुठेही टाकू नका. एका वेळी एकाच अंकाला पाठवा, किती दिवस वाट बघायची ते पाठवतानाच विचारून घ्या, आणि तेवढ्या दिवसांत उत्तर आलं नाही तर कथा परत घेतोय असं दोन ओळींत कळवून दुसरीकडे पाठवा.